पेरूजाच्या वेशीचे न जुळणारे दगड

२००९च्या सुरुवातीला मी दुबईहून रोमच्या विमानात बसलो, तेव्हा मंदीमुळे आमच्या साइटवरच्या निम्म्या क्रेन थांबल्या होत्या. मध्य इटलीतल्या उंब्रिया प्रांतातल्या डोंगरी गावांसारखी वसाहत आम्ही बांधत होतो. तिची वेस अर्धी झाली आणि पहिला कंत्राटदार बुडाला. दुसऱ्याने वरचे थर चढवले, पण खालच्या दगडाशी वरचा जुळेना. मालकांचा निरोप आला : जुळणारा दगड आणा, नाहीतर वेस पाडून काम बंद. दुबईतल्या अल क्वोजच्या कामगार-कॅम्पात आमचे बावीस गवंडी राहत. काम बंद म्हणजे त्यांचा व्हिसा खलास.

"आठ दिवस आहेत तुला," आमचे प्रोजेक्ट मॅनेजर कुलकर्णी सर म्हणाले. "फिरायला पाठवत नाहीये, लक्षात ठेव."

आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. कंपनी मला दगड बघायला विमानाने पाठवते आहे, हे वडिलांना फोनवर कितीदा सांगूनही पटेना.

रोमहून रेल्वेने उंब्रियातल्या पेरूजाला पोचलो. शहर डोंगरावर आहे. वर नेणारे सरकते जिने चक्क जुन्या गल्ल्यांमधून जातात. सोळाव्या शतकात गावाने बंड केलं, तेव्हा इथे राज्य असलेल्या पोपने विरोधकांची वस्तीच आपल्या किल्ल्याखाली गाडली होती. ती घरं, त्या गल्ल्या अजून तिथे आहेत. बॅग ओढत मी त्यांत दोनदा चुकलो.

चार दिवस एका दगडाच्या व्यापाऱ्याकडे नमुने पाहिले. एकही जुळला नाही. हा म्हातारा व्यापारी मूळचा गवंडी, इंग्रजी तोडकंमोडकं. चौथ्या दिवशी दुपारी त्याने तोर्ता (तव्यावर भाजलेली गव्हाची जाड भाकरी) खाऊ घातली. खाता खाता मी ओशाळून सांगितलं, की नव्या दगडाला आम्ही चहाचं पाणी लावून जुना रंग आणत होतो. तो इतका हसला की त्याला ठसका लागला. मग मला हाताला धरून गावाच्या जुन्या वेशीपाशी घेऊन गेला.

खाली एट्रुस्कन लोकांनी (रोमनांआधीचे इथले रहिवासी) चुन्याशिवाय बसवलेले प्रचंड दगड. कमानीवर रोमनांची अक्षरं. त्यांनी वेढा घालून गाव उपाशी पाडलं, गाव जळलं आणि पुन्हा वसवताना त्यांनी आपल्या सम्राटाचं नाव कोरलं. डाव्या बुरुजावर त्यानंतर दीड हजार वर्षांनी चढवलेला नाजूक कमानींचा सज्जा. रंग वेगळा, घडाई वेगळी, सांधे उघडे.

म्हाताऱ्याने तीन बोटं दाखवली. "तीन कंत्राटदार. तिघेही बुडाले. वेस उभी आहे."

मी दगड न घेताच परतलो. कुलकर्णी सरांनी कपाळाला हात लावला. मालकांच्या अरब प्रतिनिधीसमोर मी पेरूजाच्या वेशीचे फोटो मांडले आणि म्हणालो, आपली वेस चुकलेली नाही, फक्त आपण सांधा लपवायला नको होता. त्याने एका फोटोतल्या सांध्यावर बोट ठेवलं.

"यांचेही जुळत नाहीत?"

"नाही, सर."

"यल्ला, चला. मग बांधा."

बुडालेल्याचं काम पाडायचं नसतं, त्याच्यावर आपला थर घ्यायचा असतो, एवढंच मी तिथून शिकून आलो. बाहेर येऊन गवंड्यांच्या मुकादमाला फोन केला : सकाळी सहाला बस येईल, सगळ्यांनी या.

"सगळ्यांनी?" त्याने विचारलं.

"बावीसच्या बावीस," मी म्हणालो.