वाळूच्या टेकडीमागून आलेली हाक

गेल्या रविवारी सकाळी नितीन आणि मी जासईच्या पुढे एका तळ्यात, दाट धुक्यात, इंजिन बंद केलेल्या होडीत बसलो होतो... आणि एकमेकांशी एक शब्द बोलत नव्हतो. भांडण वगैरे काही नव्हतं. घाबरलो होतो.

थोडं आधीपासून सांगते. खूप दिवसांनी फक्त आम्ही दोघांनीच कुठेतरी जायचं ठरवलं होतं. लेकीला आईकडे सोडलं आणि नितीनच्या मित्राची, मोरेश्वरची, छोटी मोटरबोट दोन दिवसांसाठी मागून घेतली. मोरेश्वर कोळी, घरचा धंदाच मासेमारीचा. नितीनला होडी चालवायला त्यानेच शिकवलंय.

हे तळं तसं खाडीचंच. कधीतरी बांध फुटून पाणी आत शिरलं आणि तिथेच राहिलं; भरती-ओहोटी मात्र अजून लागते. एका काठाला भरावासाठी आणून टाकलेली वाळू आहे. ते काम अर्धवट राहिलं आणि वाऱ्याने त्या ढिगांच्या खऱ्याखुऱ्या टेकड्या झाल्या... आमच्या खांदा कॉलनीपासून इतक्या जवळ असं काही असेल, यावर माझा विश्वासच बसत नव्हता.

शनिवार मस्त गेला. वाळूवर बसून डबा खाल्ला, फोटो काढले, बोटीतून काठाकाठाने हिंडलो. रात्री मोरेश्वरकडेच राहिलो. त्याच्या आईने गरम भाकऱ्या वाढता वाढता विचारलं, उद्या कुठे जाणार? नितीन म्हणाला, टेकड्यांच्या पलीकडे, एकदम आत.

त्या थांबल्या. "जा, पन आतमधी कोनी हाक मारली तर ओ देऊ नका," म्हणाल्या. "तिकडं मानूस नसतो."

मोरेश्वर हसला. आम्हीही हसलो.

रविवारी उजाडताना निघालो तेव्हा धुकं इतकं होतं की होडीचं पुढचं टोक दिसेना. टेकड्या मधेच दिसायच्या, मधेच गायब व्हायच्या. भरतीचं पाणी चढायला लागलं होतं. खाली कुठे वाळू लागेल म्हणून नितीनने इंजिन बंद केलं आणि वल्हं हातात घेतलं.

इंजिन थांबलं आणि सगळंच थांबलं. पक्षी नाही, गाड्या नाहीत... वल्ह्यावरून टपटपणारं पाणी तेवढं ऐकू येत होतं.

आणि मग हाक आली. वाळूच्या टेकडीमागून, बाईच्या आवाजात, लांबवलेली.

"नि...ती...न..."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. मी नितीनकडे पाहिलं. तो माझ्याकडेच बघत होता, चेहरा पांढराफटक. ऐकलंय याने, मला कळलं. आता हा ओ देणार... मी त्याचा दंड घट्ट धरला. तो वल्हं उलटं मारून होडी हळूहळू वळवायला लागला.

पुन्हा हाक आली. तेच नाव, पण जरा खोल गेल्यासारखं. मी मनातल्या मनात रामरक्षा म्हणत होते. एमएससी झालेली बाई मी! धुक्यात टेकडी सरकत होती की आमची होडी, तेही कळेना.

तिसऱ्यांदा आवाज आला तो अर्धवटच. मधेच तुटला, आणि पाठोपाठ खोकला आला. घसा फाटेल असा, दम्याच्या माणसाचा खोकला... माझ्या सासूबाईंना येतो तसा.

"नितीन, माणूस आहे रे!" मी ओरडले. "बोट फिरव!"

त्याने धाडकन इंजिन सुरू केलं. टेकडीला वळसा घातला तर पलीकडे एक आजी दिसल्या. चिखलात रुतलेल्या, पाणी छातीपर्यंत आलेलं, आणि शिवल्यांची, म्हणजे शिंपल्यांची, टोपली बाजूला तरंगत होती. पलीकडच्या गावातून ओहोटीला शिवल्या काढायला आल्या होत्या. पाय मांडीपर्यंत रुतले आणि भरतीचं पाणी चढायला लागलं.

नितीनने त्यांच्या काखेतून दोर घातला. मी होडीतली फळी पुढे सरकवली आणि त्यांना तिच्यावर पालथं व्हायला लावलं. एक पाय सुटला, दुसरा सुटेना. पाणी त्यांच्या हनुवटीला लागलं तेव्हा मी रडत रडत ओढत होते. मग भस्सकन काहीतरी सुटलं आणि आजी आमच्या अंगावर येऊन पडल्या.

बराच वेळ त्या नुसत्या थरथरत होत्या. मी माझं जॅकेट त्यांना गुंडाळलं. मग म्हणाल्या, "इंजानाचा आवाज आयकला मी मगाशी. मंग बंद झाला. मला वाटलं, गेली बोट."

नितीनने होडी त्यांच्या गावाकडे वळवली.

त्यांना गावाच्या काठाला सोडलं. त्यांचा मुलगा गुडघाभर पाण्यात धावत आला, आईला उचलूनच घेतलं त्याने.

गाडीने घरी परत येताना एका कंटेनरच्या ट्रेलरमागे अडकलो होतो, तेव्हा मी विचारलं, "आजींना तुझं नाव कसं माहीत रे?"

नितीन चमकला. "माझं? त्या तर तुला हाक मारत होत्या. अर्चना, अर्चना... मी स्पष्ट ऐकलं. तू ओ देशील म्हणून तर मी होडी वळवत होतो."

गाडीत एसी बंद होता, तरी मला थंडी वाजली.

संध्याकाळी मोरेश्वरने ओळखीतून आजींच्या मुलाचा नंबर मिळवून दिला आणि मी फोन केला. आजी बऱ्या आहेत. त्यांनी कोणाचंच नाव घेतलं नव्हतं. नुसतं "कोनी हाय का" म्हणत होत्या.

आवाज पाण्यावरून येताना बदलतो, असं नितीन म्हणतो. असेलही. पण मी वेगळाच विचार करत बसलेय... आपापलं नाव ऐकू आलं असतं, तर दोघांपैकी एकाने तरी पटकन ओ दिली असती. एकमेकांचं ऐकू आलं, म्हणून दोघंही गप्प बसलो.

आजी, तुम्ही खोकलात. फार उपकार झाले.