येत नसेल त्याने डावा हात

इंग्रजी शिकवायला लागून मला अठरा वर्षं झाली, आणि मला स्वतःला ते कितपत येतं याचा पत्ता मी अजून कुणाला लागू दिलेला नाही. घनसावंगी तालुक्यातल्या एका गावच्या शाळेत मी आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवतो. राहतो अंबडला. सकाळची जीप चुकली की एसटी, आणि एसटीही चुकली की मुख्याध्यापकांची बोलणी. पोरं पास व्हायची, पालक रस्त्यात थांबून रामराम करायचे, त्यामुळे आपण बरे शिक्षक आहोत अशी माझी समजूत होती. दोन वर्षांपूर्वी नववीच्या वर्गात ती समजूत गेली. त्या दिवसाची आठवण आली की आजही मला माझीच लाज वाटते.

त्या वर्षी तालुक्याहून एक साहेब आमच्या वर्गाचा पाठ बघायला येणार होते. नुसता पाठ बघून जाणार नव्हते. जालन्याला इंग्रजी भाषणाची स्पर्धा होती, आणि शाळेतून तिथे कुणी एकाने जायचं ते नाव साहेब स्वतः वर्गात बसून ठरवणार होते. मग मी पाठही जरा वजनदार निवडला. इंग्रजीत काही क्रियापदांच्या मागे 'स्वतःला' हा शब्द यावाच लागतो, आणि त्याच्याही मागे एक ठरलेला चिमुकला शब्द. प्राइड वनसेल्फ ऑन, बिझी वनसेल्फ विथ, ॲब्सेंट वनसेल्फ फ्रॉम, डिव्होट वनसेल्फ टू. एकाच्या जागी दुसरा घातला की मार्क गेला. आपल्या मराठीचं बरं असतं, ला, ने, त, चा ही सगळी मंडळी शब्दाच्या शेपटाला चिकटून येतात आणि आईच्या दुधाबरोबरच तोंडात बसतात. इंग्रजीत ती सुटी हिंडतात. कुठल्या क्रियापदामागे कुठला शब्द आणि का, हे मला माझ्या सरांनी सांगितलं नव्हतं, त्यांना बहुधा त्यांच्या सरांनीही सांगितलं नसावं. मी गाइडातली यादी फळ्यावर उतरवली आणि पाढ्यांसारखी म्हणून घ्यायला लागलो. माझी शिकवण्याची पद्धत म्हणतात ती एवढीच होती.

तिसऱ्या बाकावर एक मुलगी बसायची. सातवीपर्यंत उर्दू शाळेत शिकून आमच्याकडे आलेली. तिचे वडील शिंपी, वर्गातल्या निम्म्या पोरांचे गणवेश त्यांच्याच हातचे. मुलगी बोलायची कमी, पण बोलली की मला घाम फोडायची. स्पर्धेचं कळल्यापासून ती माझ्या मागेच लागली होती.

"सर, मला जालन्याला जायचंय. अम्मी म्हनती, साहेबानं सोता नाव घेतलं तर जा. न्हाईतर न्हाई."

मी म्हटलं, बघू. शिक्षक बघू म्हणाला की काय समजायचं ते पोरांना बरोबर कळतं. तिने मात्र ते होकारासारखं घेतलं आणि सगळी यादी दोन दिवसांत पाठ करून टाकली.

पाठाच्या आदल्या दिवशी वर्ग एका सुरात यादी म्हणत असताना ती उभी राहिली.

"सर, प्राइडला ऑनच का लागतंय?"

"का म्हणजे? लागतं."

"न्हाई सर, आमच्या घरात म्हनतेत, अपने काम पे नाज करो. नाज म्हंजे प्राइडच, आन् पे म्हंजे वर. ऑन म्हंजे बी वरच ना? मंग ते बराबर तसंच झालं. आन् फ्रॉम म्हंजे से. सोताला उचललं आन् शाळेपासून दूर नेऊन ठेवलं, म्हून ॲब्सेंटला फ्रॉम. उगंच न्हाई लागून राह्यले ते."

एवढ्या वर्षांत हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. सगळी यादी या हिशेबाने सुटली नसती, पण पोरीने निदान कुलूप कुठे आहे ते शोधलं होतं. मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला. राग तरी कसला, भीतीच वाटली. उद्या हिने साहेबांपुढे असं काही विचारलं तर मी काय तोंड दाखवणार?

"तू इथं इंग्रजी शिकायला आलीस का आम्हाला उर्दू शिकवायला?" मी म्हणालो.

वर्ग खो खो हसला. सगळे हसतात म्हणून तीही थोडी हसली आणि खाली बसली.

आता डाव्या-उजव्या हातांविषयी सांगायला हवं. साहेब येणार असले की प्रश्न विचारल्याबरोबर सगळ्या वर्गाचे हात वर गेलेले दिसले पाहिजेत. त्यासाठी एक युक्ती आहे. ती माझी नाही, मी विद्यार्थी होतो तेव्हाही होती. येत असेल त्याने उजवा हात वर करायचा, येत नसेल त्याने डावा. साहेबांना नुसते हात दिसतात, मास्तरला उजवे दिसतात. त्याची आदल्या दिवशी चक्क तालीम होते. पोरांना मजा येते आणि मलाही त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं.

तालीम झाल्यावर मी तिला दाराशी थांबवलं.

"उद्या तू डावा कर."

"पन मला येतंय सर."

"येतं गं. पण तू साहेबांपुढं 'का' आणि 'कसं' काढत बसशील. माझा पाठ बिघडेल."

ती थोडा वेळ चपलेच्या अंगठ्याशी चाळा करत राहिली. "मंग जालन्याचं?"

"ते माझ्याकडं लागलं. साहेबांना मी सांगतो, तुला येतं म्हणून."

असं काही सांगायचं माझ्या मनात नव्हतं. वेळ मारून नेली, एवढंच.

दुसऱ्या दिवशी साहेब आले आणि मागच्या बाकावर बसले. मी प्रश्न टाकला, हातांचं रान उगवलं. मी पुढच्या बाकांवरचे उजवे हात निवडत गेलो आणि उत्तरं खडाखड येत गेली. पाठ असा रंगला होता की मी स्वतःवरच खूश होतो. तेवढ्यात साहेब उठून पुढे आले.

"सर, तुम्ही पुढच्यांनाच विचारताय. तिसऱ्या बाकावरची ती मुलगी, केव्हापासून हात वर आहे तिचा. सांग बेटा, प्राइड वनसेल्फ, पुढे काय?"

ती उभी राहिली. डावा हात तसाच अर्धवट वर. तिने माझ्याकडे पाहिलं. उत्तर तिच्या ओठांवर होतं, मला ते दिसत होतं. मी नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं. मी फळ्याकडे वळलो आणि हातात खडू असताना खडू शोधायला लागलो.

"येत न्हाई सर," ती म्हणाली.

"मग हात कशाला वर केला?"

तिने हात खाली घेतला. हात का वर होता हे त्या वर्गात साहेब सोडून प्रत्येकाला माहीत होतं, पण एकाही पोराने तोंड उघडलं नाही. मास्तरला सांभाळायचं असतं हे मीच त्यांना शिकवलं होतं.

"येत नसताना हात वर करणं म्हणजे खोटं बोलणं झालं," साहेब तिला म्हणाले.

तेव्हा तरी मी बोलायचं होतं. मी बोललोही. "जरा कच्ची आहे सर. उर्दू शाळेतून आलीय." मला हे कुणी विचारलं नव्हतं. ही दोन वाक्यं मी आपण होऊन बोललो, आणि माझ्या सगळ्या नोकरीत यांच्याइतकं हलकं मी काही बोललेलो नाही.

साहेबांनी मुख्याध्यापकांच्या खोलीत चहा घेतला, वहीत 'पाठ उत्तम' असा शेरा मारला आणि त्याखाली स्पर्धेसाठी पहिल्या बाकावरच्या मुलीचं नाव लिहिलं. मुलांना ते मुख्याध्यापक सकाळी सांगणार होते. साहेबांची गाडी निघून गेली.

शाळा सुटल्यावर मी फाट्यावर जीपची वाट बघत उभा होतो. ती दप्तर सावरत माझ्याकडेच येताना दिसली. ही आता रडणार, किंवा तिचे वडील मागून येत असतील, असं वाटून मी मनातल्या मनात चार वाक्यं जुळवून ठेवली.

"सर, म्या बराबर केलं ना? साहेबानं विचारलं तरी बोलले न्हाई."

जुळवलेल्यातलं एकही वाक्य तिथे बसेना. मी कसंबसं म्हणालो, "बरोबर केलंस."

"तुमचा पाठ बिघडला न्हाई ना?"

"नाही."

तिला हायसं वाटलेलं स्पष्ट दिसलं. मग ती जरा पुढे आली आणि हळू आवाजात म्हणाली, "मंग तुमी साहेबाला नंतर सांगितलं का, मला येतंय म्हून?"

जीप आली होती. आतली माणसं मला जागा करून देत होती.

"सांगितलं," मी म्हणालो.

अम्मीला सांगायला ती जवळजवळ पळतच घरी गेली.