सुर्व्यांचा नळ आणि आमचा जळफळाट

सुर्व्यांना भाड्याच्या घरातून हुसकावून लावायचा प्रयत्न झाला, तेव्हा आमच्या घरात कुणाला अन्न गोड लागेना. काळजीनं नव्हे, जळफळाटानं!

सांगलीत विश्रामबागला आण्णा मगदुमांच्या बंगल्यात आम्ही दोन भाडेकरू. वर मी आणि माझी बायको मंगल, खाली पुढच्या बाजूला सुर्वे, आणि मागच्या खोल्यांत खुद्द आण्णा आणि त्यांच्या पत्नी आक्का. आण्णा हळदीचे जुने व्यापारी. माणूस इतका मऊ, की दारात आडव्या बसलेल्या म्हशीलाही ‘जरा सरकता का वं?’ म्हणतील. त्यांचे साताऱ्याचे जावई मात्र तसे नव्हते. त्यांना सुर्व्यांच्या खोल्यांत क्लास काढायचा होता. आता जावयाला नाही कोण म्हणणार? आण्णा गप्प बसले आणि जावयांनी एका सकाळी सुर्व्यांचं पाणी तोडून ‘रविवारपर्यंत खोल्या मोकळ्या करा’ असं फर्मान सोडलं.

सुर्वे तडक महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात गेले. दुपारी तिथले साहेब दारात हजर!

“कोर्टाचा हुकूम हाय का तुमच्याकडं? न्हाई न्हवं? मग भाडेकरूला हात लावायचा न्हाई,” साहेबांनी जावयांना गल्लीदेखत झापलं. “पाणी तोडणं गुन्हा हाय. आत्ताच्या आत्ता सोडा!” मग आण्णांकडे वळून ते म्हणाले, “आण्णा, हात जोडून सांगतो. भाडेकरूला ‘घर सोडा’ म्हणायचं न्हाई.”

आण्णांनी मान डोलावली. जावयांनी गाडी साताऱ्याच्या रस्त्याला लावली आणि सुर्व्यांच्या नळाला पाणी आलं.

इथं विषय संपायला हवा होता. पण सुर्वे एकदम थोर झाले! गल्लीतून त्यांच्याकडे पुरणपोळ्यांचे डबे येऊ लागले. नगरसेविकाबाई चहाला आल्या (आम्ही मत दिलेल्या!). साहेब तर जाता-येता गाडी थांबवून विचारायचे, “सुर्वे, पाणी येतंय न्हवं?” आमचं पाणी कधीपासून करंगळीएवढ्या धारेनं येत होतं. आम्हाला कुणी विचारलं?

“आवं, त्या सुर्वेबाईचा फोटो आलाय ग्रुपवर! नवी साडी नेसून नळापाशी उभी हाय,” मंगल फणकारली.

“येऊ दे की.”

“येऊ दे काय? आमी काय पाप केलंय? तुमाला साधं घराबाहेर कुणी काढत न्हाई!”

हे माझ्या फार जिव्हारी लागलं. मी उठलो आणि आण्णांकडे गेलो.

“आण्णा, तुम्हाला वरच्या खोल्या लागणार असतील ना?”

“छ्या, छ्या! कशाला वं?”

“जावयांना?”

“तुमी घरचीच माणसं. बसा की. आक्का, ह्यास्नी लाडू दे.”

लाडू खाऊन परत आलो. मग आम्ही पहाटे मोठ्यानं भजनं लावली. आक्का वर येऊन म्हणाल्या, “लय बरं वाटलं बघ. जरा आवाज वाढीव.” जिन्यात चपलांचा ढीग केला, तर आण्णांनी चपलांसाठी फळी ठोकून दिली. इतका चांगला घरमालक कुणाच्या नशिबी येऊ नये!

शेवटी मंगलनं अस्त्र काढलं. आण्णा जैन. घर देताना त्यांनी एकच अट घातली होती, तीही अवघडून: घरात सामिष शिजवायचं नाही. आम्ही ती इमानानं पाळत होतो. मटण खायचं तर माझ्या सासुरवाडीला, कोरेगावला जायचो. त्या दिवशी मंगलनं बाजारातून सुकट आणली आणि खिडकी सताड उघडून कढईत टाकली. आमच्या स्वयंपाकघराची ती खिडकी बरोबर आक्कांच्या पूजेच्या खोलीवर येते. वास असा सुटला, की गल्लीतली सगळी मांजरं आमच्या जिन्यात येऊन बसली.

“आता बघा, आण्णा वर येतील आणि ‘चालते व्हा’ म्हणतील,” मंगल म्हणाली. मी साहेबांचा नंबर काढून तयार बसलो. भांग पाडला होता (फोटो निघाला असता!).

आण्णा आलेच नाहीत. जरा वेळानं खाली रिक्षाचा आवाज आला. वाकून बघतो तर आण्णा-आक्का पिशव्या घेऊन रिक्षात बसत होते! आण्णांनी फाटकाशी उभ्या असलेल्या सुर्व्यांच्या हातात किल्ली दिली, आणि रिक्षा गेलीसुद्धा.

“कुठं गेले वो?” मी वरूनच विचारलं.

“साताऱ्याला, लेकीकडं,” सुर्वे म्हणाले. माझ्याकडे त्यांनी असं बघितलं, की मी खिडकी लावून घेतली.

रात्री आम्हाला सुकट गिळवेना. म्हातारा-म्हातारी या वयात स्वतःचं घर सोडून जावयाच्या दारात जाऊन बसली होती, तीही आमच्यामुळं. मला खरंच लाज वाटली. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं मी सातारा गाठलं. आण्णा जावयांच्या व्हरांड्यात, पाहुण्यासारखे खुर्चीच्या कडेवर बसले होते.

“आण्णा, मी चुकलो. पण तुम्ही मला शिव्या घालायच्या. घराबाहेर काढायचं!”

“कसं काढू?” आण्णा कावरेबावरे होत म्हणाले. “सायबांनी बजावलंय न्हवं, भाडेकरूला ‘घर सोडा’ म्हणायचं न्हाई. आक्काला तो वास सोसंना. मग म्हटलं, आपुनच सोडावं.”

मी तिथंच त्यांचे पाय धरले. जावई आतून बघत होते. त्यांच्या तोंडावर पहिल्यांदाच माझ्याबद्दल आदर दिसला.

आण्णा-आक्कांना घेऊन परतलो, तर फाटकात अख्खी गल्ली उभी होती. आक्कांना ओवाळलं, आण्णांच्या गळ्यात हार पडला, नगरसेविकाबाईंनी दोघांच्या मधे उभं राहून फोटो काढून घेतला. (मी पिशव्या धरून मागं होतो. मला कापलंय.) साहेबही आले होते. ते मला म्हणाले, “सगळी नोकरी भाडेकरूंना वाचवण्यात गेली. भाडेकरूनं मालकाला घालवलेलं पयल्यांदाच बघितलं!”

तेव्हापासून महापालिकेचे साहेब आमच्याही दारात येतात. अगदी न चुकता. मंगल लगबगीनं चहा ठेवते. साहेब उंबऱ्यातच थांबतात, आत मान घालून एक लांब श्वास घेतात आणि जिन्यातून खाली ओरडतात, “निवांत ऱ्हावा आण्णा, आज मेथी हाय!”