इथं म्हणजे कुठं

“तिकडं म्हणजे कुठं?” चष्मा कपाळावर सरकवून, समोरच्याच्या तोंडाकडे बघत ते हा प्रश्न विचारायचे आणि उत्तर मिळेपर्यंत हातातलं काम बाजूला ठेवायचे. चाकणच्या आमच्या कंपनीत ते स्टोअर सांभाळायचे. सगळे त्यांना काका म्हणत. ‘बेअरिंगचं खोकं तिकडं ठेवलंय’ असं कुणी बोलून गेलं की त्याची धडगत नसे. रांग कितवी, खण वरून कितवा, खोक्याचं तोंड भिंतीकडे की दाराकडे, एवढं वदवून घेतल्याशिवाय ते त्याला जाऊ देत नसत. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. सुरुवातीला त्यांचा रागच येतो.

मलाही आला होता. मी ट्रेनिंग विभागात नवीन होते आणि फळ्यावर लिहायची पेनं मागायला स्टोअरमध्ये गेले होते. काका जागचे हलले नाहीत. दुसरी रांग, डावीकडून चौथं कपाट, सगळ्यात खालचा खण, एवढं सांगून वर म्हणाले, “मागं फिनाइलची बाटली हाय, ती सांडू नका.” मी गेले. पेनं होती, बाटलीही होती, आणि मी ती सांडली. फरशी पुसायला फडकं कुठे आहे तेही त्यांनी बसल्या जागेवरून सांगितलं.

त्यांचं गाव मावळातलं. पुढे नोकरीसाठी ते देहूरोडला खोली करून राहिले. एकदा कॅन्टीनमध्ये समोर बसले असताना मी त्यांना चिडवलं, घरीही काकूंना असंच छळता का म्हणून. ते हसले. मग डब्याचं झाकण लावत त्यांनी तरुणपणीची एक गोष्ट सांगितली. तेव्हा ते दुसऱ्या एका कारखान्यात होते. वर क्रेनला लोखंडी साचा लटकत होता, आणि खाली उभ्या असलेल्या त्यांच्या दोस्ताला कुणीतरी ओरडून सांगितलं, इकडं हो. दोस्त सरकला. साचा त्याच्यावरच आला.

“ज्याचं त्याचं इकडं येगळं असतं, मॅडम,” काका म्हणाले आणि हात धुवायला गेले. मी पुन्हा कधी त्यांना त्यावरून चिडवलं नाही.

मग कंपनीत नवीन सॉफ्टवेअर आलं. स्टोअरची सगळी रजिस्टरं बंद होणार आणि आलेल्या मालाची नोंद हातात मावणाऱ्या एका यंत्रावर करायची, असं ठरलं. शिकवायचं काम माझ्याकडे आलं. परीक्षा होणार होती आणि तीन वेळा देता येणार होती. तिसऱ्यांदाही जो नापास होईल, त्याची बदली लोडिंगला. काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं होतं. ट्रकमध्ये माल चढवायचं काम त्यांना झेपणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही ठाऊक होतं.

कसं शिकवावं यावर माझ्या साहेबांनी दोन बैठका घेतल्या. व्हिडिओ करायचा, चित्रांची छापील पुस्तिका काढायची, की यंत्रं हातात देऊन शिकवायचं, असे तीन पर्याय होते. यंत्रं सगळ्यांच्या परीक्षा संपेपर्यंत फक्त परीक्षेच्या खोलीतच मिळणार होती, म्हणून तिसरा तिथेच निकालात निघाला. उरलेल्या दोन पर्यायांसाठी मी कामगारांना फॉर्म दिले. बहुतेकांनी व्हिडिओवर खूण केली. काकांनी खूण न करता खाली लिहिलं होतं, ‘कागद द्या. कागदावर बोट ठेवता येतं. व्हिडिओ पुढं जातो.’ मी ते वाचून हसले आणि कागदाच्या रकान्यात एक मत धरलं.

खरं सांगायचं तर मला व्हिडिओच करायचा होता. माझा आवाज बरा आहे असं सगळे म्हणतात, आणि मुख्य ऑफिसच्या लोकांना दाखवायला पुस्तिकेपेक्षा व्हिडिओ छान दिसतो. टेबलावरच्या मोठ्या स्क्रीनवर मी तो मन लावून तयार केला. प्रत्येक बटणाचं नाव घेऊन सांगितलं. फक्त एका बटणावर नावच नव्हतं. एक बारीक चौकोन आणि त्यात बाण, एवढंच. तिथे माउस नेऊन मी म्हणाले, “आता इथे क्लिक करा.”

कारखान्यात मोबाईल गेटवर जमा करावे लागतात. त्यामुळे लोक व्हिडिओ बघायचे ते घरी, नाहीतर बसमध्ये, आपापल्या लहानशा फोनवर. फोनवर माझा माउस दिसतच नव्हता. पण हे मला तेव्हा माहीत नव्हतं. ज्यांची मुलं कॉम्प्युटरवर काम करायची त्यांनी घरी विचारून घेतलं. काकांना मूलबाळ नव्हतं. त्यांनी शेजाऱ्यांना, बरोबरच्या कामगारांना विचारलं, तर म्हणे सगळीकडून एकच उत्तर मिळालं, “ते काय, तिकडं कोपऱ्यात असंल.”

पहिल्या परीक्षेत ते त्याच पायरीवर अडले. दुसऱ्या वेळी त्यांनी अंदाजाने एक चित्र दाबलं आणि केलेली सगळी नोंद पुसली गेली. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, दुखऱ्या गुडघ्याने तीन जिने चढून ते माझ्या केबिनच्या दाराशी आले. काखेत वही होती. माझ्यासमोर मुख्य ऑफिसचे पाहुणे बसलेले, आणि स्क्रीनवर माझाच व्हिडिओ चालू.

“मॅडम, इथं म्हणजे कुठं?” त्यांनी दारातूनच विचारलं.

पाहुण्यांपुढे मला ओशाळल्यासारखं झालं. मी म्हणाले, “काका, व्हिडिओ परत एकदा नीट बघा. सगळं त्यात आहे.” त्यांनी मान हलवली. कठडा धरून, एकेक पायरी टेकत ते खाली गेले. मी नंतर खाली जाऊन सांगणार होते. पाहुणे गेल्यावर माझ्या डोक्यातून ते गेलं.

तिसऱ्या परीक्षेतही ते नापास झाले आणि सोमवारपासून लोडिंगला लागले. तिथून जाताना मी त्यांना दोनदा पाहिलं. एकदा ते ट्रकच्या सावलीत पाय लांब करून बसले होते आणि मला बघून उठायला लागले. मी हातानेच बसा म्हटलं आणि पुढे गेले. मला थांबण्याची लाज वाटत होती. ऊन तापायला लागल्यावर एका दुपारी ते माल चढवता चढवता कोसळले. चार दिवस दवाखान्यात होते. डॉक्टर म्हणाले, हृदय. कंपनीतही सगळे तेच म्हणत राहिले.

दहाव्यानंतर मी देहूरोडला त्यांच्या घरी गेले. काकूंनी मला कधी पाहिलेलं नव्हतं. मी दारात उभी राहून कुठून आले ते सांगू लागले, तशा त्या माझ्याकडे टक लावून बघत राहिल्या.

“तुमीच व्हय त्या फोनमधल्या बाई?” त्या म्हणाल्या. “आवाजावरून वळखलं. उठता-बसता तुमचाच आवाज असायचा की घरात.” त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. त्यांनी मला आत बसवलं, चहा केला आणि फडताळातून वही काढून माझ्या हातात दिली. “कंपनीची हाय. परत न्या.”

वहीत माझा अख्खा व्हिडिओ त्यांनी उतरवून काढला होता. ‘१. चालू करायचं बटण उजव्या कडेला, वरून पहिलं, लाल.’ ‘२. चार चौकोन दिसतात, खालच्या रांगेत डावीकडचा.’ मी केलेल्या कामापेक्षा ते काम चांगलं होतं, आणि कुणीही ते वाचून शिकला असता. सातव्या पायरीपाशी लिहिलं होतं, ‘७. मॅडम म्हणतात, इथे.’ त्याखाली तीन ओळी कोऱ्या सोडल्या होत्या, विचारून लिहिण्यासाठी. आठवीपासून पुन्हा सगळं जागच्या जागी होतं.

वही मी कंपनीत जमा केली नाही, माझ्या खणात ठेवली. त्या तीन ओळी भरायच्या म्हणून कितीदा पेन घेऊन बसले, आणि दर वेळी उद्यावर टाकलं. मागच्या महिन्यात सॉफ्टवेअर बदललं. ते बटण आता कुठंच नाही.