रोज दहा मिनिटं मागे

मला गाडी उत्तम चालवता येते. फक्त मागे घेता येत नाही. ऑफिसला जायला पुढेच जावं लागतं, त्यामुळे बरीच वर्षं हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. (बायकोच्या आलं. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात.)

माले गावात भाड्याने राहायला आल्यावर मीनलने, म्हणजे याच बायकोने, फर्मान काढलं, "रोज सकाळी दहा मिनिटं मागे घ्यायची. थोडं थोडं केलं की काहीही येतं!" झालं. घरमालकीण पारूकाकूंच्या अंगणात सराव सुरू. गाडी टीं-टीं करत मागे, आणि मीनल हातवारे करत, "येऊ दे, येऊ दे... डावीकडे घे... अरे थांब!" त्याच वेळी शेजारच्या गोठ्यात काकू चिमीची धार काढायच्या. (चिमी म्हणजे म्हैस. नाव फार लहानपणी ठेवलं असावं.)

दोन-तीन महिन्यांनी सरावाचं फळ दिसलं. मी थेट काकूंच्या हौदावर आदळलो आणि गाडी पिरंगुटच्या गॅरेजात गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू रिकामी चरवी घेऊन दारात!

"सायेब, गाडी कुटं हाय?"

"गॅरेजमध्ये."

"आरं देवा! चिमी पान्हा सोडंना! तुमचं टीं-टीं ऐकूनच सोडायची सवय लागलीया तिला. आन् आज आमच्या सुमीला बघाया पावनं येत्यात!"

"पिशवीचं दूध आणू?"

"दावणीला म्हस आसताना पावन्यांना पिशवीचा च्या? लेकीची सोयरीक मोडायची हाय व्हय?"

मीनलने मोबाइलवर टीं-टीं लावलं. चिमीने शेपटीच्या एका फटक्यात मोबाइल शेणात घातला. मग मी तोंडाने टीं-टीं केलं. चिमीने मान वळवून पाहिलं, पण थेंब नाही.

"तिला आख्खा कारेक्रम लागतुया," काकू म्हणाल्या. "उलटं चाला!"

निघालो! अंगणाच्या टोकापासून पाठमोरा, टीं-टीं करत. मीनल ओरडतेय, "येऊ दे, येऊ दे, डावीकडे घे!" आणि गोठ्यातून काकू, "सोडला, सोडला! थांबू नगा!" चरवी भरेपर्यंत फेऱ्या घालायच्या होत्या. नेमके तेव्हाच पाहुणे आले, चांगले तासभर आधी.

मुलाच्या वडिलांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "ह्ये कोन?"

"आमचं भाडेकरू," काकू धार न थांबवता म्हणाल्या. "कंपनीत लई मोठं सायेब हायेत."

चहा दाट झाला, सोयरीक जमली, गाडीही दुरुस्त होऊन आली. पण चिमीला आता गाडी चालत नाही, मीच लागतो! तेव्हा रोज सकाळी दहा मिनिटं मी गोठ्यापर्यंत उलटा जातो. हौदाला अजून एकदाही धडकलो नाही.

मीनलचं खरं ठरलं. सरावाने मला मागे जाता यायला लागलं. फक्त गाडीशिवाय!