काठीचा मान

आमच्या विद्यापीठाच्या परंपरा मी एका दुपारी बसून लिहिल्या. विद्यापीठ खासगी, वय कोवळं. पण पदवीदानाच्या स्मरणिकेत ‘इतिहास आणि परंपरा’ असं पान हवंच, असा कुलसचिवांचा हट्ट. परीक्षा विभागातली जुनी कारकून म्हणून ते दर वर्षी माझ्या गळ्यात. महाडहून एसटीने पोलादपूरच्या रस्त्याला लागायचं, दिवसभर गुणपत्रिका तपासायच्या आणि उरलेल्या वेळात इतिहास घडवायचा. मी थकले होते. पुण्याला मुलीकडे कायमचं जायचं ठरवून राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवला होता.

एक परंपरा मात्र खरी होती. पहिल्या पदवीदानाला मिरवणुकीच्या पुढे धरायचा चांदीचा दंड वेळेवर आलाच नाही. तेव्हा तुडील गावचे आमचे शिपाईमामा घरची सागवानी काठी तेल लावून घेऊन आले आणि ताठ मानेने कुलगुरूंच्या पुढे चालले. पुढे त्या काठीला चांदीची मूठ बसली, पण धरायचे मामाच. नोकरीत माझ्याहून जुने तेवढे तेच.

यंदा मामा निवृत्त होणार होते. पदवीदानाच्या पंधरा दिवस आधी कुलसचिव म्हणाले, “काठी इव्हेंटवाल्यांचा माणूस धरेल. उंच आहे, शेरवानीत शोभेल. मामांना तुम्हीच सांगा.”

मी गेले, तर मामा फेट्याला इस्त्री करत होते. “मॅडम, यंदा घरची समदी बघाया येनार हायत. आमच्या मंडळीनं तर कधीच बघितलं नाय.”

निरोप न सांगताच मी परत फिरले. मग रागच आला. जागेवर येऊन छापायला निघालेल्या पानात मी एक ओळ घुसडली : ‘प्रथेनुसार काठीचा मान सर्वांत जुन्या सेवकाचा असतो.’ कुलसचिवांनी ती वाचली तेव्हा प्रती पाहुण्यांकडे पोचल्या होत्या. ते माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

पदवीदानाला काठी घेऊन मामाच चालले. समारंभ संपल्यावर त्यांनी सगळ्यांसमोर काठी माझ्या हातात दिली. “आता तुमच्यापरीस जुनं हितं कोन नाय. तुमीच लिवलंय ना, मॅडम?”

लोक टाळ्या वाजवत होते. मला रडू आलं, थोडं मामांसाठी, बरंचसं स्वतःसाठी.

घरी येऊन मुलीला फोन केला. म्हटलं, एवढं पुढचं पदवीदान होऊन जाऊ दे.