घैसास सरांचं बोळकं

दुपारचं जेवण अंगावर आलंय. प्रयोगशाळेतला पंखा फिरतोय म्हणायचं, वारा नाही. सूक्ष्मदर्शकापुढे बसल्याबसल्या माझी मान खाली जाते, वर येते, पुन्हा खाली जाते. शोधनिबंध तयार आहे, संध्याकाळपर्यंत पाठवायचा. आंबोलीच्या कातळावर मला एक मॉस, म्हणजे मखमली शेवाळ, सापडलंय आणि ते आजवर कुणी नोंदवलेलं नाही, असं मी म्हणतेय. नाव घैसास सरांचं दिलंय. सर माझे पीएच.डी.चे मार्गदर्शक. मागच्या वर्षी गेले.

"सरक," सर म्हणतात.

मी सरकते. ते माझ्या स्टुलावर बसून भिंगातून बघू लागतात. गेलेला माणूस शेजारी येऊन बसलाय याचं मला काहीच वाटत नाही. चपला बाहेर काढल्या नाहीत, याचं मात्र वाटतं.

"नवं कशावरून?"

"बोळक्याला दात नाहीत, सर."

बोळकं हा शब्द त्यांचाच. मॉसच्या केसाएवढ्या दांडीवर बीजाणूंची कुपी असते, तिला ते भातुकलीतलं बोळकं म्हणायचे. त्यावर झाकण, आणि झाकणाखाली तोंडाभोवती दातांचं कडं. ते दात बघून मॉस ओळखायचं. माझ्या मॉसला दातच नाहीत, आणि तेवढ्या एका गोष्टीवर माझी सगळी प्रजाती उभी आहे.

"झाकण असलेलं एक तरी उघडून पाहिलंस?"

"सगळी उघडीच मिळाली."

"गेली होतीस कधी?"

"मे महिन्यात."

सर हसतात. या हसण्याला मी पीएच.डी. होईपर्यंत घाबरले आणि झाल्यावरही घाबरतच राहिले.

टेबल ओलं लागतं. हाताखाली आंबोलीचा कातळ आहे, पाणी झिरपतंय, आणि सर एकेक बोळकं नखाने खुडून माझ्या ओंजळीत टाकताहेत.

"हे म्हातारं. हेही म्हातारं. याचे दात झडले, याचेही झडले. आणि तू निघालीस बारसं करायला! पंचविशीत कच्ची होतीस, पन्नाशीत कच्चीच राहिलीस."

"तुमचं नाव दिलंय मी, सर."

"दात नसलेल्याला. का गं?"

"आदर म्हणून."

"खोटं."

कातळ पांढरा होतो. ती चादर आहे, हॉस्पिटलच्या खाटेवरची. उशाशी स्टीलच्या वाटीत सरांची कवळी पाण्यात पडलीय. तोंडाचं पार बोळकं झालंय. वर्गाला थरथरायला लावणारं ते तोंड असं आत गेलेलं बघून मला बरं वाटतंय. खूप बरं वाटतंय.

सर चादर हनुवटीपर्यंत ओढून घेतात. "नर्सने कवळी काढून ठेवली," ते फसफसत म्हणतात, "म्हणून मी काय निराळी प्रजाती झालो?"

तोंडी परीक्षेत बघायचे तसे ते माझ्याकडे बघतात. संताप येतो मला. मेल्यावरही हा माणूस मला नापास करतोय.

"आ करा," मी म्हणते.

"काय?"

"तोंड उघडा. पुरावा बघू दे."

ते नाही म्हणत मान हलवतात. मी गालफडं दाबते तेव्हा कुठे तोंड उघडतं. करंगळी आत घालून मी हिरडीवरून फिरवते. वर, खाली, पुन्हा वर. सगळं गुळगुळीत.

"नाहीत!" मी ओरडते. "एकही नाही! मीच बरोबर!"

सर शांतपणे डोळे मिटतात. मग तोंड मिटतात.

मी ठणक्याने जागी होते. प्रयोगशाळेत कुणी नाही. करंगळीच्या पेराभोवती लाल खुणा उमटल्यात. मी बोट भिंगाखाली धरते. बारीक, टोकदार, सारख्या अंतरावर, पूर्ण गोल. माणसाचा चावा असा गोल उमटत नाही. मॉसच्या दातांचं कडं असं असतं, कोवळ्या मॉसचं, झाकण नुकतंच उडालेलं असताना.

पडद्यावर निबंध उघडाच आहे. "दात नाहीत," असं त्यात मी ठळक अक्षरात लिहिलंय, आणि त्याच्यावर सरांचं नाव.

करंगळी तोंडात धरून मी दुसऱ्या हाताने तो पाठवून देते.